अकराशे बेचाळीस श्रोते

कीर्तनाची सुरुवात नमनाने होते. गुरुदत्त सावे यांच्या कुठल्याही कामाची सुरुवात घामाने होत असे. माणूस सत्त्वशील, देवभोळा, वसईजवळच्या आचोळ्यातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा. बँकेत एकतीस वर्षं काढून स्वेच्छेने निवृत्त झालेला. स्वेच्छा बँकेची होती, पण हे ते कुणाला सांगत नसत. भीती त्यांच्या अंगाला उपरण्यासारखी चिकटलेली असे. खिडकीचं सरकारी पाकीट आलं की ते आधी देवापुढे ठेवून मग फोडत. लिफ्टमध्ये शिरताना आधी एक पाय टाकून तिला वजनाची कल्पना देत. फक्त एका ठिकाणी या माणसाला भीती वाटत नसे, आणि ते ठिकाण म्हणजे कीर्तनाची सतरंजी. टाळ वाजला, पेटीने सूर धरला, की सावे मांडी घालून असे निवांत बसत, की जयवंतीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, संशय येई की हाच का तो आपला नवरा.

आणि संकट आलं ते नेमकं त्या सतरंजीवरच.

मुरलीधर मंदिराच्या सभागृहात दर मार्गशीर्षात पाच दिवस सुनंदाताई हरदासांची कीर्तनं होत. ताई अलिबागहून येत. वय सत्तरीला टेकलेलं, पण निरूपणाला उभ्या राहिल्या की पहिल्या रांगेतल्या माणसाला ताठ बसावं लागे. बावीस वर्षं हा नेम होता, आणि बावीसही वर्षं ताईंना हार घालायचा आणि श्रोत्यांना बुक्का लावायचा मान सावे यांचा. तर त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, विश्वस्तांचे नवे अध्यक्ष जितेश राऊत यांनी सावे यांना बोलावून घेतलं.

"काका, तुमच्या भावना समजतात मला," जितेश म्हणाला. (बँकेतल्या मोठ्या साहेबांनीही याच वाक्याने सुरुवात केली होती.) "पण गेल्या वर्षी सतरंजीवर माणसं किती होती?"

"असतील की वीस-पंचवीस."

"चौदा. त्यातली तीन झोपलेली. एक पेटीवाल्याची बायको, ती त्याला घरी न्यायला आलेली. काका, हेच पाच दिवस एक चादरी-पडद्यांचा सेलवाला मागतोय. कोल्हापूरपर्यंत सेल लावतो तो. मी काय म्हणतो, या वर्षी पहिल्या दिवशी पन्नास श्रोते दाखवा. पन्नास झाले तर उत्सव दर वर्षी तुमचा, मी शब्द देतो. नाहीतर पुढच्या वर्षीपासून चादरी."

सावे यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: ताई पिशवी घेऊन रिक्षातून उतरतायत आणि व्यासपीठावर, जिथे त्या उभ्या राहत तिथे, फुलाफुलांच्या डबल बेडच्या चादरी लोंबतायत. ताईंना हे सांगायचं कुणी? अर्थात उत्सवाच्या सचिवाने. सचिव कोण? सावे. त्या चित्राच्या धाकाने त्यांच्या तोंडून एक वाक्य आपोआप निसटलं.

"मी वेबसाइट करीन."

बोललं कोण, हे बघायला त्यांनी स्वतः मागे वळून पाहिलं. सकाळच्या पेपरात कुठल्याशा मंडळाने वेबसाइट केल्याची बातमी वाचली होती, ती अशी उसळून आली होती. पण आता सुटलेला शब्द गिळता येईना, म्हणून पुढचंही बोलून गेले. "नुसती वाचायची नाही. लोकांनी घरबसल्या नाव नोंदवायचं, किती जण येणार ते लिहायचं आणि कुठलं आख्यान हवं ते निवडायचं."

"येते तुम्हाला करायला?"

"शिकेन," असं सावे म्हणाले आणि घरी येऊन पांघरूण घेऊन झोपले.

*

बातमी सोसायटीत त्यांच्याही आधी पोचली होती. तळमजल्यावर हिलरी परेरा राहत. गोदीतून निवृत्त झालेले, अंगापिंडाने दणकट, सावे यांचे पंचवीस वर्षांचे शेजारी. सल्ला देताना ते दाराची कडी धरून उभे राहत, म्हणजे ऐकणाऱ्याला दार लावता येत नसे.

"गुरुदत्ता, तू कशाला त्या कॉम्प्युटरच्या नादाला लागतो बाबा? कीर्तन चिंचोटीला ठेव, धबधब्यावर. पब्लिक आपोआप येतो तिथे."

"अरे, मार्गशीर्षात धबधबा आटलेला असतो."

"मग तर चांगलंच! बघायला काही नसेल तर ऐकेलच ना पब्लिक."

जयवंतीबाईंनी सल्ला दिला नाही, फक्त एक सत्य सांगितलं. "अहो, मिक्सरचं बटण दाबताना तुम्ही डोळे मिटता."

तरीही माणिकपूरला, झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर असलेल्या क्लासात सावे यांनी नाव घातलं. पहिल्या दिवशी दारातच पाटी: चपला बाहेर काढाव्यात. आत गारवा, अर्धा उजेड, यंत्रांची संथ गुणगुण, आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. सावे यांनी नकळत उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. आतली सतरा-अठरा वर्षांची मुलं एकमेकांकडे बघू लागली. शिकवणारी क्लेमेंटीन मात्र हसली नाही. तिशीतली, वसई गावातली, गळ्यात बारीक क्रूस, आणि कॉम्प्युटरसारखीच न दमणारी.

"या अंकल. घाबरू नका, याला हात लावला म्हणून काही बिघडत नाही."

या एका वाक्यावर सावे यांचा तीन महिने विश्वास बसला नाही. डिलीटच्या बटणावर त्यांनी औषधाच्या बाटलीचं झाकण पालथं घालून ठेवलं होतं, न जाणो चुकून बोट पडलं आणि सगळ्या माणिकपूरचं काही पुसलं गेलं तर! एक अर्धविराम राहिला की पान उघडत नसे, आणि पान उघडलं नाही की सावे उभे राहून "माझ्याकडून काही झालं नाही टीचर" असं जाहीर करत.

पण बाई समजावून सांगण्यात तरबेज होती. "हे बघा अंकल. माणूस पानावर नाव लिहितो, ती चिठ्ठी. सर्व्हर म्हणजे पुजारी समजा. तो चिठ्ठी आत नेतो, ठेवतो आणि बाहेर येऊन सांगतो, पोचली हो, आता पुढच्या दाराने बाहेर पडा. म्हणजे त्याला 'धन्यवाद'च्या पानावर पाठवतो."

"आणि आत ज्याच्यापुढे ठेवतो तो?"

"तो डेटाबेस."

देवाच्या जागी डेटाबेस बसवणं सावे यांना जरा जड गेलं, पण कळलं मात्र एका फटक्यात. त्यानंतर त्यांनी खरोखर सहा पानांची एक वेबसाइट तयार केली. पहिल्या पानावर मुरलीधराचं चित्र, खाली आजवर किती श्रोत्यांची नोंद झाली तो आकडा, त्याखाली नाव भरायची जागा, आणि आख्यानासाठी दोन पर्याय: मित्राकडे पुरचुंडीत पोहे घेऊन गेलेल्या गरिबाची कथा, किंवा स्वप्नात दिलेला शब्द पाळण्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची. क्लासात ती नोंदणी अशी सुरळीत चालली, की मागच्या बाकावरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. सावे यांना वाटलं, इतकं सुरळीत चाललंय म्हणजे नक्की काहीतरी राहिलंय.

आणि ते काय राहिलंय, हे त्यांना घरी सापडलं.

वेबसाइट जगापुढे ठेवायचा मुहूर्त त्यांनी गुरुवारी सकाळी धरला होता. हप्त्यावर घेतलेल्या कॉम्प्युटरला जयवंतीबाईंनी हळदीकुंकू वाहिलं, मॉडेमपुढे नारळ ठेवला. सावे यांनी शेवटची नजर टाकायला फाईल उघडली आणि त्यांचा हात थबकला. क्लासात शिकवलेल्या रीतीने प्रत्येक पानाची सुरुवात कशाने होत होती? एका कंसाने आणि लगेच प्रश्नचिन्हाने! बँकेची खातेवही असो, लग्नपत्रिका असो, अगदी वाण्याची यादी असो, माथ्यावर 'श्री' लिहिल्याशिवाय सावे घराण्यात पेन पुढे सरकलेलं नव्हतं. आणि इथे, ताईंच्या कीर्तनाच्या कामात, आरंभीच प्रश्नचिन्ह? देवाला शंका विचारल्यासारखी? एवढी मोठी चूक तीन महिन्यांत कुणाच्या लक्षात कशी आली नाही!

त्यांनी सहाही पानांच्या अगदी वरती, प्रश्नचिन्हाच्याही आधी, दोन उभ्या दांड्यांमध्ये 'श्री' टंकून टाकलं. मराठी अक्षरं जमत नव्हती म्हणून इंग्रजीत, आणि त्याबद्दल मनात क्षमा मागितली. मग डोळे मिटले आणि बटण दाबलं.

वेबसाइट सुरू झाली. पहिलं नाव त्यांनी जयवंतीबाईंचं भरलं, 'पाठवा' दाबलं, आणि धन्यवादाच्या पानाऐवजी पडद्याच्या माथ्यावर इंग्रजीत एक लांबलचक ओळ उमटली. तिचा पहिला शब्द होता 'वॉर्निंग'.

बँकेत एकतीस वर्षांत ज्या माणसाला एकदाही वॉर्निंग मिळाली नव्हती, त्याला ती निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात, नारळासमोर मिळाली. सावे यांनी पुढचा मजकूर वाचला नाही. पडद्यावर टॉवेल टाकला, गॅलरीत जाऊन बसले आणि तीन दिवस त्या खोलीत गेलेच नाहीत. आता यात काय झालं होतं ते सावे यांना कळायला पुढे बराच अवधी लागला. आपण मात्र एवढंच लक्षात ठेवू, की नोंद आत पोचत होती, पण बाहेरच्या माणसाला 'पोचली' असं कुणी सांगत नव्हतं. तेच पान, तीच रिकामी चौकट पुन्हा समोर. आणि असं झालं की माणूस काय करतो? तो पुन्हा दाबतो.

*

चौथ्या दिवशी जितेशचा फोन आला. आवाजात चक्क आदर होता. "काका, साइट बघितली मी! सातशे चार?"

सावे यांनी टॉवेल उचलला. सातशे एकोणीस झाले होते. बुधवारपर्यंत आकडा अकराशे बेचाळीसवर जाऊन थांबला.

एक कप चहा संपेपर्यंत सावे सुखी होते. कप खाली ठेवताना त्यांना आठवलं की सभागृहात दाटीवाटीने दोनशे माणसं बसतात. मग उरलेली साडेनऊशे कुठे? दारात, जिन्यात, रस्त्यावर! त्यांना चेंगराचेंगरी दिसू लागली. ताई मध्ये सापडलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'सचिवांचा निष्काळजीपणा' असा मथळा, खाली स्वतःचा पासपोर्ट साइजचा फोटो दिसला, आणि तोही जुना, मिशा असतानाचा. नावं कमी नोंदली गेली तर चादरी, जास्त नोंदली गेली तर तुरुंग. कीर्तनप्रेमी माणसाने जगायचं कुठे?

ते तडक मंडपाची परवानगी मागायला पालिकेच्या कचेरीत गेले. टेबलामागच्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला.

"अपेक्षित संख्या अकराशे बेचाळीस? नक्की?"

"यंत्राने मोजलीत साहेब."

"पाचशेच्या वर गेलात की अग्निशमनचं पत्र लागतं. आरोग्याचं लागतं. पोलिसांना बंदोबस्तासाठी लिहावं लागतं. तीन-तीन प्रतींत. कार्यक्रम काय, ऑर्केस्ट्रा?"

"कीर्तन."

कारकुनाने चष्मा पूर्ण काढला. "कीर्तनाला अकराशे?" मग हळू आवाजात, "पाकिटातून काही वाटणार आहात का?"

"बुक्का," सावे म्हणाले.

चार दिवस सावे एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत फिरले. भित्र्या माणसाचे कागद नेहमी पूर्ण असतात, त्यामुळे सगळ्या परवानग्या मिळाल्या. उत्सवाचे पाचही दिवस एक हवालदार व अकरा शिपाई, एक बंब व सहा जवान, आणि जंतुनाशक पावडरीसह एक आरोग्य निरीक्षक. सर्व पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आता निदान कुणी मरणार नाही एवढ्या समाधानात ते क्लेमेंटीनला पेढे द्यायला माणिकपूरला गेले.

तिने पेढा तोंडात टाकला, त्यांची साइट उघडली आणि चावायची थांबली.

"अंकल, ही वॉर्निंग कधीपासून येते?"

"पहिल्यापासून. मी वाचली नाही. भीती वाटली."

तिने आतली यादी छापून काढली. छपाईयंत्र कागदामागून कागद बाहेर टाकू लागलं. "हे हिलरी परेरा कोण? सत्त्याऐंशी वेळा नाव भरलंय. दर वेळी पाच माणसं."

सावे तिथूनच, झेरॉक्सवाल्याच्या फोनवरून, हिलरींशी बोलले.

"हो रे, मीच," हिलरी म्हणाले. "स्टेशनजवळ सायबरमध्ये बसलो होतो. जाईच ना ते! म्हटलं आपल्या गुरुदत्ताचं काम आहे, सोडायचं कसं? बोट दुखेपर्यंत दाबलं बघ. एकदातरी पोचलं का?"

जयवंतीबाईंच्या भजनी मंडळाने बत्तीस वेळा, दर वेळी सात जणींची नोंद केली होती. एक विनी कुलकर्णी म्हणून होत्या, त्यांनी तर प्रत्येक वेळी पत्ता नव्याने, अधिक सविस्तर लिहिला होता, न जाणो तेवढ्यासाठी अडलं असेल. क्लेमेंटीनने लाल पेनने रेघा मारत मारत शेवटी आकडा काढला. खरी माणसं अडतीस.

"म्हणजे पन्नासही नाहीत?" सावे खुर्चीत बसले ते बसले. बारा माणसांनी उत्सव गेला होता. आणि त्यावर, सरकारला दिलेल्या कागदावर, तीन प्रतींत, अकराशे चार माणसं खोटी लिहिली गेली होती. सहीनिशी.

"टीचर, यंत्राचं असं का झालं?"

क्लेमेंटीनने फाईल उघडली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्ही लिहिलं?"

"श्री आहे ते."

"अंकल, पुजाऱ्याने तोंडातून एकही शब्द काढण्याआधी माणसाला पुढच्या दाराकडे पाठवायचं असतं. एकदा तो काही बोलला, की मग पाठवता येत नाही. तुमचा पुजारी दर वेळी पहिल्यांदा 'श्री' म्हणतोय आणि तिथेच अडकतोय. हे पुसायला लागेल."

पोलिसांना खोटं सांगणं एक वेळ निस्तरता येईल, पण लिहिलेलं श्री पुसायचं? स्वतःच्या बोटाने? त्यांनी ते औषधाचं झाकण दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. "नाही टीचर. बोट चालणार नाही माझं."

"अंकल, मी पण क्रूस केल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. पण तो मी कपाळावर करते, फाईलवर नाही. थांबा." तिने ते श्री उचलून प्रश्नचिन्हाच्या आत ठेवलं आणि त्याच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. "आता हे तिथेच आहे. देवाला दिसेल, सर्व्हरला दिसणार नाही. अशी सोयच असते यात."

ज्याने ही सोय केली तो कुणी कुठल्याही धर्माचा असो, सावे यांनी त्याला मनोमन साष्टांग घातला.

*

यंत्र दुरुस्त झालं, सरकार दुरुस्त होईना. सावे नवा अर्ज घेऊन पुन्हा त्याच कारकुनापुढे उभे राहिले.

"संख्या कमी करायची?" कारकून म्हणाला. "करू की. जे येणार नाहीत त्यांची यादी जोडा."

"जे येणार नाहीत ते नाहीतच साहेब. म्हणजे अस्तित्वातच नाहीत."

"मग त्यांच्या वतीने कुणीतरी सही करा. अकराशे चार माणसं अशी कागदावरून उडवली आणि उद्या ती आली, तर जबाबदार कोण?"

हे सावे यांना पटलं, हीच त्यांच्या स्वभावातली अडचण होती. ते अर्ज घेऊन परत आले.

उत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी ताई रिक्षातून उतरल्या तेव्हा मंदिरापुढे लाल बंब उभा होता, निरीक्षक पांढऱ्या पावडरीच्या रेघा ओढत होता आणि बारा पोलीस काठ्या घेऊन न आलेली गर्दी आवरत होते. सावे यांनी ताईंचे पाय धरले आणि तिथेच, पायरीवर, वॉर्निंगपासून बुडणाऱ्या उत्सवापर्यंत सगळं ओकून टाकलं. ताईंनी ऐकून घेतलं, पिशवीतून झांज काढली आणि म्हणाल्या, "बरं. पेटीवाला आलाय का?"

सहाला नमन झालं. सतरंजीवर श्रोते चौतीस. अडतीसांतल्या चौघांना ताप आला होता. जितेश मागे खांबाशी वही घेऊन उभा. भिंतीलगत बारा पोलीस, दारात सहा जवान, सगळे उभे, आणि हवालदारांची नजर सारखी रस्त्याकडे. तांडेल त्यांचं नाव, अर्नाळ्याचे.

ताईंनी चिपळी थांबवली. "कीर्तनात उभं राहायचा मान एकटीचा असतो, आणि तो आज माझा आहे. तेव्हा खाकी असो की निळी, बसून घ्या बाबांनो."

तांडेलांनी एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि मांडी घातली. मग सगळेच बसले. निरीक्षक पावडरीचा डबा मांडीवर घेऊन बसला.

निरूपण नामस्मरणावर होतं. ताई रंगात आल्या आणि सावे यांनाही, कितीतरी दिवसांनी, निवांत वाटू लागलं. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "या वसईत एक भक्त आहे, त्याने एक यंत्र केलं..."

सावे यांच्या हातातलं बुक्क्याचं तबक खणखणलं. पोलिसांसमोर!

"...त्या यंत्रात नाव एकदा घातलं की पोचत होतं. पण पोचल्याची पावती येत नव्हती. तेव्हा माणसं काय करू लागली? पुन्हा दाब, पुन्हा दाब. एकाने तर म्हणे सत्त्याऐंशी वेळा दाबलं. अहो, देवाचंही असंच आहे. पहिल्याच हाकेला पोचलेलं असतं. पावती मागायची सवय आपली."

"ताई, तो मी!" मधूनच हिलरी उठून उभे राहिले. "सत्त्याऐंशी वेळा मीच दाबलं!"

सगळं सभागृह हसलं. पोलीससुद्धा हसले. तांडेल मात्र हसले नाहीत. ते बोटांवर काहीतरी हिशेब करत, हळूहळू सावे यांच्याकडे वळून बघू लागले.

मध्यंतर झालं. बुक्का लावायला सावे उठले खरे, पण पाय पावडरीच्या डब्यात अडकता अडकता वाचला. हिलरींपाशी ते थबकले, तर हिलरींनीच कपाळ पुढे केलं. "लाव रे. राखेच्या बुधवारी फादर लावतात, मला सवय आहे." त्यांच्या शेजारी बसलेल्या क्लेमेंटीनने केस मागे सारले. मग सावे भिंतीकडे वळले. एकेका शिपायाने टोपी काढली. तांडेलांच्या कपाळावर टेकलेलं सावे यांचं बोट इतकं कापत होतं, की तिथे बुक्क्याचा ठिपका न उमटता नकाशा उमटला.

"चौतीस," मागून जितेशने वही मिटली. "काका, दिलगीर आहे. शब्द म्हणजे शब्द."

"अरे, हे सगळे बसलेत की," जयवंतीबाई उसळल्या. "ते धर. त्रेपन्न होतात."

"मावशी, ते ड्युटीवर आहेत. ड्युटीवरचा माणूस श्रोता कसा?"

ताई पाणी पीत होत्या, त्यांनी भांडं खाली ठेवलं. आणि मग तांडेल हवालदार गुडघ्यावर हात ठेवून उठले. सावे यांनी डोळे मिटले.

"ओ अध्यक्ष," तांडेल म्हणाले. "मी ऐकला नाय, असा सांगनारा तू कोन? ड्युटीवर येताना आम्ही कान काय ठान्यात जमा करून येतो?" त्यांनी कपाळावरच्या नकाशाकडे बोट दाखवलं. "हे लावल्यावरसुद्धा नाय मोजत? लिही. तांडेल, बक्कल नंबर हवा तर तोपन लिही."

"माझंही लिहा," बंबावरचा एक जवान म्हणाला. निरीक्षकाने बसल्या बसल्या डबा वर केला.

जितेशने एकदा काठ्यांकडे पाहिलं, एकदा कपाळांकडे. मग वही उघडली आणि एकेक नाव लिहीत गेला. त्रेपन्नावर त्याने रेघ मारली. "दर वर्षी तुमचा उत्सव, काका," तो म्हणाला. ताईंनी चिपळी उचलली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

उत्तररंगाला राजाचं आख्यान लागलं होतं, यंत्रातून लोकांनी तेच निवडलेलं. स्वप्नात दिलेल्या शब्दासाठी राजाने सिंहासन सोडलं, मुकुट उतरवला, राणीचा आणि पोराचा हात धरून वेशीबाहेर पाऊल टाकलं, आणि वळून नगराकडे पाहिलं... इथे ताईंनी आख्यान थांबवलं. पाच दिवस पुरवायचं होतं. भिंतीलगत दोन शिपाई बाहीने डोळे पुसत होते.

आरती झाली, प्रसाद वाटला गेला, माणसं पांगली. सावे सतरंजीची घडी घालत होते, तोच खांद्यावर जड हात पडला. ते सावकाश वळले. त्यांनी दोन्ही मनगटं जरा पुढेच केली होती.

"कीर्तनवाले," तांडेल आवाज खाली आणून म्हणाले, "खरा सांगा. उद्या मानसं किती येनार?"

"साहेब, खरं सांगतो. चाळीस. फार तर."

"आनि साहेबांच्या कागदावर?"

"अकराशे बेचाळीस. पण मी उद्याच, सकाळीच, लेखी माफी..."

"खुळे काय तुम्ही?" तांडेलांनी मागेपुढे पाहिलं. "साहेबांना चाळीसचा आकडा कळला तर बंदोबस्त उठेल. मग त्या राजाचा पुढे काय झाला, ते आम्हाला कोन सांगनार? कागद हाय तसाच ऱ्हाऊ द्या पाच दिवस. एक अक्षर बदलायचा नाय."

सावे यांनी छप्पन्न वर्षांची सगळी भीती बाजूला सारली. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची कथा नुकतीच ऐकली होती. आता नाही बोललो तर कीर्तन ऐकून उपयोग काय! त्यांनी श्वास भरला, छाती पुढे काढली, हवालदारांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि तोंड उघडलं.

"साहेब," ते म्हणाले, "उद्या तुमच्या बारा जणांसाठी पुढची सतरंजी राखून ठेवू का?"